वादी शेळी, प्रतिवादी बोर

विसूभाऊ आमच्याकडे आले की आधी दाराशी थांबत. कुंपणाच्या मेंदीचं एक पान तोडून तोंडात टाकत, डोळे मिटून सावकाश चावत, आणि मगच आत हाक मारत, "आहेत का घरात?"

माझं लग्न तेव्हा नवीन होतं. बायकोने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती घाईघाईने आत आली नि हळूच म्हणाली, "अहो, बाहेर एक गृहस्थ आपलं कुंपण खातायत."

मी म्हटलं, "ते शेजारचे विसूभाऊ. खाऊ देत. चहाला अजून वेळ आहे."

विसूभाऊंचा उभा जन्म दिवाणी कोर्टात कारकुनी करण्यात गेला होता. ते पेन्शनीत निघाले तेव्हा कोर्टाने त्यांना सोडलं, पण त्यांनी काही कोर्टाला सोडलं नाही. आमटीत मीठ कमी पडलं की ते "तक्रार दाखल" करीत. पाऊस लांबला की "पुढची तारीख पडली" म्हणत. मात्र नुसतं "खटला" म्हणाले की समजायचं, तो एकच. जगाच्या आरंभापासून चालू असलेला, झाड आणि जनावर यांचा.

"हे बघ, बाबू," ते मला ओटीवर बसवून घेत. माझं नाव बाबू नाही, पण कोर्टात ते सगळ्या ज्युनियरांना बाबूच म्हणत असणार. "शेळी म्हणते, पान माझं. झाड म्हणतं, माझं. शेळीने दावा ठोकला. झाडाने जबाब दिला, काटा! मग शेळी काय गप्प बसते? तिने ओठ असा लवचिक करून घेतला की काट्याकाट्यांतून नेमकं पान उचलावं. झाडाने पान कडू केलं. शेळीने कडू पचवायला पोट तयार केलं. झाडाने चीक आणला. अरे, ह्याने केलं म्हणून त्याने केलं, त्याने केलं म्हणून ह्याने. दोघांनी एकमेकांना घडवलंय ते भांडून भांडून. आणि गंमत म्हणजे, निकाल लागलेला नाही!"

हे शेवटचं वाक्य ते मांडीवर थाप मारून म्हणत. ती थाप पुष्कळदा माझ्या मांडीवर पडे.

"आणि फळ हो, भाऊ?"

"फळ म्हणजे तडजोड! पानाला तोंड लावू नकोस, हे फळ घे, आणि माझं बी तेवढं लांब नेऊन टाक. कोर्टाबाहेर मिटवलेलं प्रकरण. दोघेही खूश. फुकटच्या फुकट वकील मेले."

तर प्रत्येक झाडाने काय जबाब दिलाय हे तपासण्यासाठी भाऊ पानं चावत. अडुळसा कडू, कुडा त्याहून कडू, घाणेरीला वास. एकदा त्यांनी परसातलं रानअळू कच्चंच चावलं. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की कच्चं अळू घसा खाजवतं, पण भाऊंना ऐकीव पुरावा चालत नसे. घसा असा धरला की दोन दिवस त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आक्का आमसुलाचं पाणी पाजत होती आणि पाजता पाजता बोलत होती, "गुरांना कळतं ते तुला कळत नाही होय रे? शिकवून बाबांनी पैसे फुकट घालवले." आळीत दोन दिवस विलक्षण शांतता होती. तिसऱ्या दिवशी आवाज परत आल्याबरोबर भाऊ घोगऱ्या गळ्याने म्हणाले, "बिनतोड जबाब!"

आक्का म्हणजे भाऊंची मोठी बहीण. अंगाने काटकुळी, नेसायला लाल आलवण, आणि जीभ अशी की भाऊंचं कोर्ट तिच्यापुढे रोज तहकूब होई. परकरी वयात तिचं लग्न झालं आणि लुगडं नेसायला लागायच्या आत नवरा गेला. मग ती माहेरी आली, ती कायमची. माहेर म्हणजे पालीच्या आतल्या अंगाला असलेलं खेडं. पुढे भाऊ नोकरीसाठी रत्नागिरीला आले तेव्हा तिला बरोबर घेऊन आले. भाऊंची बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. तेव्हा त्या घरात ही दोनच माणसं, आणि दोघं मिळून आवाज दहा माणसांचा.

आक्का माझ्या बायकोशी मात्र मऊ बोले. एकदा तिनेच तिला आपल्या माहेरच्या बोरीची गोष्ट सांगितली.

"माहेरी आले नि माझं सगळं बंद झालं हो. ओटीवर यायचं नाही, हळदीकुंकवाला फिरकायचं नाही, पोरींत खेळायचं नाही. पण गोठ्यामागे एक बोरीचं झाड होतं. तिथे कोण बघतंय! सगळे दुपारचे आडवे झाले की मी आपली बोरीखाली. आंबटगोड, टपोरी बोरं. काटे ओरबाडायचे, पण हाकलून कोणी देत नसे."

ती बोर चुलतभावाने तोडली. तिथे त्याला आंब्याची कलमं लावायची होती. तोडण्याआधीच्या मोसमातली बोरं कोणी गाववाल्याने आक्काला आणून दिली होती, त्यांच्या बिया तिने धुऊन, वाळवून करवंटीत घालून फडताळात ठेवल्या होत्या. बोर तोडल्याचं कळलं त्या दिवशी ती करवंटी भाऊंच्या पुढ्यात ठेवून ती एवढंच म्हणाली, "विसू, ह्यातलं एक झाड मला वाढवून दे. त्याचं बोर तोंडात टाकीन नि मग खुशाल मरेन."

आक्काने कधी कोणाजवळ काही मागितल्याचं भाऊंना आठवत नव्हतं. ते कामाला लागले.

त्यांनी मुहूर्त पाहिला. बिया गाईच्या दुधात भिजवल्या. परसात आळी केली, त्यात चाळलेली माती, शेणखत, वर राख. गुराचं तोंड पोचू नये म्हणून भोवती छातीइतका दगडांचा गडगा घातला. पावसाळा आला, पावसाळा गेला. आळ्यांतून टाकळा उगवला, तेरडा उगवला, आक्काच्या फेकलेल्या दोडक्याचा वेल उगवला. बोर नाही. दुसऱ्या वर्षी हाच दावा पुन्हा दाखल, तोच निकाल.

आक्का एक दिवस वैतागून म्हणाली, "अरे, बोरी का कोणी लावतं? आपल्याकडे कोणी लावली होती? गुरं खायची, गोठ्यामागे उगवायच्या."

भाऊ पाटावरून ताडकन उठले. "तडजोडीतला एक पक्षकार मी बोलावलाच नाही!" असं म्हणून ते हात न धुता बाहेर गेले आणि संध्याकाळी शेळी घेऊन आले.

आमच्या आळीत शेळी! गाय असती तर लोकांनी नमस्कार केला असता, म्हैस असती तर दुधाचा रतीब लावला असता. त्यातून दिवस मिठाच्या चळवळीचे. तेव्हा शेळीचं दूध पिणं हे राजकारण समजलं जाई. चारच दिवसांत एक पोलीस शिपाई येऊन ओटीखाली उभा राहिला.

"भाऊसाहेब, ही शेळी कशासाठी पाळलीत?"

"खटल्यासाठी," भाऊ म्हणाले.

"कसल्या खटल्यासाठी?"

"वादी आहे ती."

शिपायाने शेळीकडे पाहिलं. शेळीने त्याच्या पट्ट्याचं लोंबणारं टोक तोंडात घेतलं. त्यानंतर तो पुन्हा आला नाही. आक्काने शेळीचं नाव गोदी ठेवलं आणि "मला शिवू नकोस हो" असं तिला बजावत बजावत रोज स्वतःच्या हाताने तिला फणसाचा पाला घातला.

गोदीचे उपद्व्याप सांगायचे तर दुसरा लेख होईल. एकच सांगतो. आमची लिंबीण धरत नव्हती. न धरणाऱ्या झाडाला कोयता दाखवायची आपल्याकडे रीत आहेच. एकाने "तोडतो" म्हणायचं, दुसऱ्याने "राहू दे, पुढल्या वर्षी धरेल" म्हणून झाडाची रदबदली करायची. मी कोयता घेऊन उभा राहिलो आणि बायको रदबदली करणार एवढ्यात भाऊ गडग्यावरून ओरडले, "कोयत्याला झाड भीत नाही, बाबू! कोयता कालचा. ज्याला त्याचे वाडवडील भीत आलेत ते दाखव!" आणि त्यांनी गोदीला लिंबिणीपुढे आणून उभी केली. बायकोची रदबदली व्हायच्या आत गोदीने अर्धी लिंबीण खाल्ली. बायको भाऊंशी महिनाभर बोलली नाही. पुढल्या वर्षी त्याच झाडाला शेजारीपाजारी वाटून उरतील इतकी लिंबं लागली. बायको म्हणते, तिने सत्यनारायण बोलला होता म्हणून.

पण मूळ काम बियांचं. वाळलेली बी शेळीने गिळायची कशी? भाऊंनी ती गुळात घातली. गोदीने गूळ खाल्ला, बी थुंकली. केळ्यात घातली. केळं गेलं, सालही गेलं, बी राहिली. भाऊ हताश होऊन म्हणत, "साक्षीदार फुटला." शेवटी आक्काने पेजेतल्या मऊ भाताचा गोळा केला, आत बिया दडवल्या, आणि "खा गो बाय" म्हणून पुढे धरला. गोदीने तो एका घासात गिळला. भाऊंनी मला हाका मारमारून बोलावलं. एका शेळीने भात खाल्ला म्हणून दोन म्हातारी माणसं एवढी हरखलेली मी आजवर पाहिली नाहीत.

दुपार कलली तेव्हा गोदी रवंथ करीत बसली होती, आणि तिच्यापुढे त्याच बिया पडलेल्या. भाऊंनी डोक्याला हात लावला. "पुन्हा थुंकली!"

"मेल्या, तशाच टाकतात त्या," आक्का म्हणाली. "गिळतात, मग रवंथाला बसल्या की बी बाहेर. आपल्या गोठ्यात सकाळी केर काढताना बियांचा सडा असायचा. म्हणून तर बोरी गोठ्यामागे!"

भाऊ थक्क होऊन बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तडजोडीची अंमलबजावणी इथे होते." त्या दिवशी ते गोदीशी अहोजाहो बोलत होते.

त्या बिया त्यांनी पुन्हा मुहूर्त पाहून आळ्यांत लावल्या. त्यातली एकही उगवली नाही. आक्का शेळीखालचा केरकचरा परसाच्या कोपऱ्यात टाकत असे, तिथे आषाढात एक कोंब वर आला. दोन पानं आली, चार आली, पानामागची पांढरी लव दिसली. बोर! भाऊंनी आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. ते सांगत फिरत होते तेवढ्यात गोदी दोर सोडवून परसात गेली आणि तिने तो कोंब खाल्ला.

भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. मी समजूत घालायला गेलो तर ते खांबाला टेकून बसले होते. खटल्याचा विषय काढला तरी बोलेनात. करवंटी रिकामी झाली होती. आक्काच चूल सारवता सारवता म्हणाली, "बोर आहे ती. एवढ्याने मरायची असती तर आजवर राहिली असती का? थांब जरा."

पंधरवड्यात बुडखा फुटला. एका कोंबाचे तीन झाले, आणि तिन्हींवर पानाआड जोडीजोडीने काटे. भाऊंनी मला ओढत परसात नेलं. "बघ, बाबू! जबाब! लेखी!"

आता खरं भांडण लागलं. भाऊंचं म्हणणं, गडगा नको. दावाच नसेल तर झाड जबाब कशाला देईल? ज्या बोरीला तोंड लागलं नाही ती आळशी होते. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला काटे नकोत रे, मला बोर हवंय. तुझा खटला चालेल जगबुडीपर्यंत. मी नाही चालायची."

 दुसऱ्या दिवशी बोरीभोवती करवंदीच्या फांद्या रोवून भक्कम कुंपण झालं. भाऊ त्याला मनाई हुकूम म्हणत. पण मन राहीना. रोज सकाळी ते कुंपणाची एक फांदी बाजूला करून गोदीला एक घास, एकच घास घेऊ देत. ही सुनावणी. आक्का हातात काठी घेऊन न्यायाधीशासारखी उभी. गोदीने दुसऱ्या घासाला मान लांबवली की काठी आपटायची आणि कोर्ट उठायचं.

वर्षं गेली. बोर भाऊंच्या कमरेला आली, खांद्याला आली, मग डोक्यावरून गेली. खाली नुसते काटे, आणि गोदीची मान पोचत नाही तिथपासून वर फांद्या कशा मऊ, मोकळ्या. आक्का मात्र वाकत चालली होती. दात गेले. मी थट्टेने विचारी, "आक्का, बोर चावणार कशाने?" ती म्हणे, "चोखीन. घाई कोणाला आहे?" घाई तिलाच होती. दर भाद्रपदात ती बोरीखाली जाऊन, डोळ्यांवर हात धरून, फुलोरा आला का ते बघायची. नसला की काही न बोलता आत जायची आणि भांडी जरा जास्त आपटायची.

एका श्रावणात आक्का गेली. तापाचं निमित्त झालं. त्याच वर्षी भाद्रपद अर्धा झाला आणि बोरीवर पहिला फुलोरा आला. भाऊंनी तो मला दाखवला नाही. मला माझ्या बायकोने दाखवला, खिडकीतून, आणि ती रडत होती.

पौषात बोरं पिकली. फार नाहीत, उपरण्याच्या एका टोकात मावतील एवढी. आळीत सगळ्यांना वाटलं, भाऊ ती आक्काच्या नावाने कोणा ब्राह्मणाच्या हातावर ठेवतील, निदान मुलांना वाटतील. भाऊंनी एकही कोणाला दिलं नाही. स्वतः चाखलं नाही. ते रोज सकाळी थोडी काढत आणि शेळीला घालत. मग तिला दोरीने धरून कुठेतरी निघून जात ते उन्हं उतरल्यावर परत येत. "बहिणीच्या जिवाची बोरं शेळीला!" म्हणून आळीतल्या बायका कानांवर हात ठेवू लागल्या. माझ्या बायकोने तर दोन घरांमधली खिडकीच बंद करून टाकली. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं मलाही वाटायला लागलं.

मी बंदरावर आगबोटीच्या कचेरीत कामाला होतो. एका दुपारी बोट लागून गेली, गर्दी पांगली, आणि मी पाय मोकळे करायला मांडवीच्या किनाऱ्याने चालत निघालो. पाहतो तो वाळू संपून जिथे झुडपं लागतात तिथे भाऊ बसलेले, डोक्यावर छत्री, शेजारी गोदी. गोदी रवंथ करीत होती.

"भाऊ, इथे कुठे?"

"थांब. आता टाकेल."

गोदीने मान खाली घातली आणि एक बी मातीत पडली. भाऊंनी ती उचलली नाही, पुरलीही नाही. नुसती बघितली.

"काल हिला किल्ल्यावर नेलं होतं," ते म्हणाले. "परवा तरीच्या होडीत घालून खाडीपलीकडे भाट्याला. तरीवाला आधी ऐकेना. मग म्हणाला, भाऊनू, शेरडी गप ऱ्हाईल ना? म्हटलं, माझ्यापेक्षा गप राहील."

मी हसलो. भाऊ हसले नाहीत.

"पण भाऊ, इथे खाऱ्या वाऱ्यात बोर कशी उगवायची? परसातच टाकायच्या ना बिया."

त्यांनी गोदीची दोरी सारखी केली. मग म्हणाले, "आक्काने समुद्र पाहिला नव्हता, बाबू."

"रत्नागिरीत राहून?"

"रत्नागिरीत राहून. विहीर, देऊळ, घर. तिला बाहेर काढायचं नाही हे आईने ठरवलं, बाबांनी पाळलं, नि मी पुढे चालवलं. कोणी मला सांगितलंही नव्हतं की चालव. मी रोज जायचो यायचो, कोर्टात, बाजारात, बंदरावर. घरी आलो की पाणी द्यायची नि विचारायची, आज कुठली बोट लागली रे? मोठी होती का? मी सांगायचो. चल, दाखवतो, एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही. आणि तिनेही मागितलं नाही. मागितली ती फक्त बोरं."

त्यांचा आवाज तिथे थांबला. इतकी वर्षं ज्यांच्या बोलण्याला मी कंटाळत आलो त्या माणसाने पुढे काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. लाटा येत होत्या, जात होत्या. 

गोदी उठून उभी राहिली. तिला धरायला म्हणून भाऊही उठले. एका हातात छत्री आणि उपरण्याची गाठ, दुसऱ्या हातात दोरी, आणि चष्म्याखालून पाणी गालांवर आलेलं. मी पुढे होऊन दोरी माझ्या हातात घेतली. त्यांना डोळे पुसायला एक हात तरी मोकळा हवा होता.